चाक आणि खांदा : व्हीलचेअर-क्रीडेतील साधनरचनेचा आढावा

माणसाने खर्च केलेल्या शारीरिक शक्तीपैकी प्रत्यक्ष गतीच्या रूपाने किती परत मिळते याचा हिशेब शरीरशास्त्रज्ञ फार दिवसांपासून मांडत आले आहेत, आणि त्या हिशेबात पायाने चालवायची सायकल पहिल्या प्रतीची ठरते. कारण तीवर बसलेला मनुष्य आपल्या शक्तीचा पाचवा ते चौथा हिस्सा चाकापर्यंत पोचवू शकतो. याउलट चाकाला जोडलेले कडे हाताने ढकलून जी खुर्ची चालवायची तिच्यात हा हिस्सा दहा-अकरा टक्क्यांच्या वर क्वचितच जातो, आणि नवशिक्याच्या बाबतीत तर तो त्याच्याही निम्म्यावर घोटाळतो. असे असूनही २०२१ च्या नोव्हेंबरात जपानमधील ओइता येथे मार्सेल हुग या स्विस खेळाडूने ४२.१९५ किलोमीटरचे अंतर याच रीतीने १ तास १७ मिनिटे ४७ सेकंदांत, म्हणजे ताशी साडेबत्तीस किलोमीटरांच्या सरासरी वेगाने तोडले. जगातला सर्वोत्तम धावपटू हेच अंतर कापण्यास सुमारे दोन तास घेतो. वाहन चालवण्याच्या ज्ञात पद्धतींपैकी एका अत्यंत खर्चिक पद्धतीने हा वेग कसा निष्पन्न होतो, आणि त्याचे श्रेय यंत्राकडे किती व शरीराकडे किती, हा प्रश्न गेल्या पन्नास वर्षांत अभियंते, वैद्य, प्रशिक्षक आणि नियम करणाऱ्या संस्था या सर्वांनी आपापल्या परीने हाताळला आहे. त्यांच्या उत्तरांचा धांडोळा घेतल्यावर माझे मत असे झाले आहे की यंत्राच्या एकेका भागात स्वतंत्रपणे केलेल्या सुधारणांचे फळ बेताचेच असते, खरा लाभ खुर्ची व शरीर यांच्या सांध्यात आहे. आणि जेथे जेथे संशोधक हा सांधा विसरले तेथे तेथे प्रयोगाने त्यांना मागे फिरवले आहे.

या क्रीडेचा उगम रुग्णालयात झाला ही गोष्ट तिच्या साधनांच्या इतिहासात दीर्घकाळ नडली. जर्मनीतून परागंदा होऊन इंग्लंडात आलेले मज्जातंतुतज्ज्ञ लुडविग गुटमान यांच्याकडे १९४४ साली स्टोक मँडेव्हिल येथील मज्जारज्जू-इजा केंद्राची सूत्रे सोपवण्यात आली, आणि १९४८ च्या २९ जुलै रोजी, लंडनमध्ये ऑलिंपिकचे उद्घाटन होत होते त्याच दिवशी, त्यांनी आपल्या केंद्राच्या हिरवळीवर सोळा जायबंदी सैनिक स्त्रीपुरुषांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. तिरंदाजाची खुर्ची जागची हलत नाही, सबब खुर्चीच्या गुणदोषांची चर्चा तेव्हा कोणास सुचण्याचे कारण नव्हते. अमेरिकेत मात्र महायुद्धातून परतलेले सैनिक त्याच सुमारास रुग्णालयांच्या व्यायामशाळांत बास्केटबॉल खेळू लागले होते, आणि त्यांच्या बुडाखाली असे ती खाणीतील अपघातात जायबंदी झालेल्या हर्बर्ट एव्हरेस्ट नामक अभियंत्यासाठी त्याचा स्नेही हॅरी जेनिंग्ज याने १९३०-४० च्या दशकाच्या आरंभी तयार केलेल्या नमुन्याची, पोलादी नळ्यांची, मध्ये फुलीसारखे आडवे दांडे असलेली घडीची खुर्ची. मोटारीत घडी करून ठेवता यावी हा तिचा मूळ हेतू उत्तम रीतीने साधला होता. परंतु तिचे वजन वीस-बावीस किलो, मागे ढकलणाऱ्या परिचारकाची मूठ धरण्याची सोय तिच्यात गृहीतच धरलेली, आणि घडीसाठी ठेवलेले सांधे दर ढकलणीला किंचित लवत असल्यामुळे खेळाडूच्या शक्तीचा काही अंश चाकापर्यंत पोचण्याच्या आधीच सांगाड्यात जिरून जात असे.

१९७५ साली लहानपणी पोलिओ झालेला बॉब हॉल हा तरुण बोस्टन मॅरेथॉनच्या संयोजकांकडे परवानगी मागण्यास गेला, तेव्हा तीन तासांच्या आत अंतर तोडल्यास इतर धावपटूंप्रमाणेच प्रमाणपत्र देऊ असे त्याला सांगण्यात आले. त्याने २ तास ५८ मिनिटांत शर्यत संपवून ते हस्तगत केले, आणि पुढे तो स्वतःच शर्यतीच्या खुर्च्या बनवण्याच्या धंद्यात पडला. या कारागिरीचे लक्षणच असे की सुधारणा करणारे बहुतेक लोक त्या खुर्चीत बसणारेच होते. हँग-ग्लायडरच्या अपघातात पायांचे बळ गमावून बसलेल्या मॅरिलिन हॅमिल्टन या कॅलिफोर्नियातील बाईंनी आपल्या दोन ग्लायडर बनवणाऱ्या मित्रांना त्याच ॲल्युमिनियमच्या नळ्यांची खुर्ची करण्यास सांगितले, आणि १९८० च्या सुमारास बाजारात आलेल्या त्यांच्या ‘क्विकी’ खुर्चीचे वजन जुन्या खुर्चीच्या जवळजवळ निम्मे भरले. जपानमध्ये चिबा येथील ओएक्स इंजिनीअरिंग ही आज टेनिस व शर्यतीच्या खुर्च्यांसाठी नावाजलेली संस्था मोटरसायकलच्या अपघातात जायबंदी झालेल्या एका गृहस्थानेच उभी केली. विद्यापीठांतील प्रयोगशाळा या विषयाकडे वळल्या त्या या मंडळींच्या मागून. आणि कारागिरांनी अंदाजाने ज्या गोष्टी ठरवल्या होत्या त्यांतील कोणत्या बरोबर व कोणत्या केवळ रिवाजाच्या, हे पारखण्याचे काम त्यांच्याकडे आले.

त्या कामात ॲमस्टरडॅम येथील ल्यूकास फान डेर वाउडे आणि त्यांचे सहकारी यांचा वाटा मोठा आहे. हाताने कडे ढकलण्याच्या क्रियेची कार्यक्षमता एवढी कमी का, या मूळ प्रश्नाचे त्यांच्या व इतरांच्या संशोधनातून जे उत्तर मिळते ते असे. पायाच्या मानाने दंड व खांद्याचे स्नायू लहान असतात हे उघडच आहे. परंतु त्याहून महत्त्वाचे हे की सायकलचे पेडल पायाला सतत चिकटून असते, तर फिरते कडे हाताला प्रत्येक वेळी नव्याने गाठावे लागते, आणि गाठताना हाताचा वेग कड्याच्या वेगाइतका नसेल तर पहिला स्पर्श गती देण्याऐवजी गतिरोधकाचेच काम करतो. मग थोडा वेळ ढकलणे, पुन्हा सोडणे, हात मागे आणणे. या मागे आणण्यात काहीच काम होत नाही, पण शक्ती खर्च होतेच. शिवाय खांदा हा शरीरातील सर्वांत मोकळा व म्हणून सर्वांत अस्थिर सांधा असल्याने तो जागच्या जागी धरून ठेवण्यातच पुष्कळ स्नायू गुंतून पडतात, आणि कडे घट्ट पकडावे लागले तर मुठीचा खर्च निराळाच.

त्यातही एक गोष्ट यंत्रशास्त्र जाणणाऱ्याच्या डोळ्यांत चटकन भरते. कड्यावर हात जे बल लावतो त्यातला स्पर्शरेषेच्या दिशेने जाणारा भागच चाक फिरवतो. चाकाच्या मध्याकडे किंवा बाजूला जाणारा भाग फिरवण्याच्या दृष्टीने फुकट. मोजमाप घेतल्यावर असे आढळले की हा फुकटचा भाग बराच मोठा असतो, आणि साहजिकच असा तर्क निघाला की खेळाडूला बलाची दिशा सुधारण्यास शिकवले तर कार्यक्षमता वाढेल. सोन्या दे ग्रोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही नवशिक्यांना पडद्यावर त्यांच्या बलाची दिशा दाखवून ती सुधारण्याचे शिक्षण दिले आणि दुसऱ्या गटाला नुसतेच ढकलू दिले. शिकवलेल्या गटाचे बल खरोखरच जवळजवळ आदर्श दिशेला जाऊ लागले. मात्र त्यांची एकंदर कार्यक्षमता न शिकवलेल्या गटापेक्षा कमी भरली! याचे कारण शोधण्यास फार लांब जावे लागत नाही. ढकलताना कोपर सरळ होत असते, आणि त्याच वेळी बल अचूक स्पर्शरेषेत ठेवायचे तर कोपर वाकवणाऱ्या स्नायूंना विरुद्ध दिशेने राबवावे लागते, म्हणजे एका स्नायूने कमावलेले दुसऱ्याने उधळायचे. यंत्रज्ञाच्या कागदावर जी उधळपट्टी दिसत होती ती शरीराच्या खतावणीत काटकसर होती. या क्षेत्रातील एवढा उद्बोधक नकारात्मक निष्कर्ष मला दुसरा ठाऊक नाही, आणि खेळाडूच्या ‘चुकीच्या’ सवयी सुधारण्यास निघालेल्या प्रत्येक प्रशिक्षकाने तो एकदा तरी वाचावा. ढकलणीच्या गतीविषयीही असेच दिसून आले आहे : खेळाडू आपण होऊन जी लय निवडतो तिच्यापेक्षा जलद किंवा संथ लय लादली असता प्राणवायूचा खर्च सहसा वाढतो.

मात्र खेळाडूचे शरीर आपला मार्ग आपण शोधते म्हणून खुर्ची कशीही चालेल असा याचा अर्थ नव्हे. उलट ते मार्ग शोधू शकेल अशा जागी त्याला बसवणे हेच रचनाकाराचे काम आहे. आसनाची उंची हे याचे सर्वांत साधे व सर्वांत दुर्लक्षित उदाहरण होय. कड्याच्या अगदी वरच्या बिंदूवर हात ठेवला असता कोपरातील कोन शंभर ते एकशेवीस अंशांच्या दरम्यान असेल तर प्राणवायूचा खर्च कमीत कमी येतो असे ॲमस्टरडॅमच्या प्रयोगांतून निष्पन्न झाले. आसन त्याहून उंच असल्यास हात कड्याच्या थोड्याच भागापर्यंत पोचतो, खाली असल्यास दंड बगलेपासून दूर फाकून खांदा उचलला जातो. हे माप घेण्यास टेप आणि कोनमापक यांपलीकडे काही लागत नाही, आणि तरीही लक्षावधी माणसे आयुष्यभर दुसऱ्याच कोणाच्या मापाच्या खुर्चीत बसतात.

शर्यतीच्या खुर्चीकडे वळल्यावर प्रश्नाचे स्वरूप बदलते, कारण तेथे काटकसरीपेक्षा वेगाचे महत्त्व अधिक. जागतिक पॅरा ॲथलेटिक्सच्या नियमांप्रमाणे या खुर्चीला दोन मोठी चाके व एक लहान चाक असते. मोठ्या चाकाचा व्यास टायरसह ७० सेंटिमीटरांहून व लहान चाकाचा ५० सेंटिमीटरांहून अधिक नसावा, प्रत्येक मोठ्या चाकाला एकच साधे गोल कडे असावे, आणि दंतचक्रे अथवा तरफा यांना मज्जाव आहे. म्हणजे खेळाडूला शर्यतभर एकाच ‘गिअर’मध्ये चालावे लागते, आणि तो गिअर म्हणजे कड्याचा व्यास. साधारण खुर्चीचे कडे चाकाहून थोडेसेच लहान असते. शर्यतीच्या खुर्चीचे कडे मात्र चाकाच्या निम्म्याच्या आसपास, पस्तीस-छत्तीस सेंटिमीटरांचे असते. हुगच्या मॅरेथॉनमधील सरासरी वेग धरला तर ७० सेंटिमीटरांचे चाक सेकंदाला चारांहून अधिक फेरे घेते, आणि साधारण खुर्चीच्या कड्यावर एवढा वेग ठेवायचा तर हाताला सेकंदाला साडेसात मीटरांच्या वर वेगाने धावावे लागेल, जे सतत सव्वा तास करणे मानवी खांद्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. छत्तीस सेंटिमीटरांच्या कड्यावर तोच हात सेकंदाला सुमारे साडेचार मीटरांच्या वेगाने कड्याला गाठू शकतो. हा लाभ फुकट मिळत नाही. कडे निम्मे केले की तेवढ्याच जोरासाठी बल दुप्पट लावावे लागते, आणि म्हणून खुर्चीची सुरुवात जड जाते. शंभर मीटरांत खुर्चीवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू जवळजवळ चौदा सेकंद घेतो व पायाने धावणारा दहाच्या आत पोचतो. चारशे मीटरांच्या सुमारास दोघे जवळपास बरोबरीला येतात. आठशे मीटरांपासून पुढे खुर्ची निर्विवाद आघाडी घेते. या एका वस्तुस्थितीत कड्याच्या व्यासाचे सारे शास्त्र सामावले आहे. शंभर मीटरवाल्याने मोठे कडे घ्यावे व मॅरेथॉनवाल्याने लहान, असे म्हणणे सोपे. परंतु एकच खेळाडू एकाच आठवड्यात दोन्ही शर्यती धावतो, आणि त्याच्या मनगटाची सवय कड्यागणिक बदलत नाही.

सेकंदाला चार फेरे घेणाऱ्या चाकावर हात टेकून असतो तो काळ सेकंदाचा सातवा-आठवा हिस्सा असतो. एवढ्या वेळात कडे पकडून सोडणे शक्यच नाही, म्हणून शर्यतीतील खेळाडू कडे पकडतच नाहीत. मूठ आवळून, अंगठ्याच्या व तर्जनीच्या पाठीमागच्या बाजूने, ते कड्याच्या रबरी आवरणावर ठोसा हाणतात आणि तो स्पर्श जवळजवळ अर्धा फेरा खाली नेऊन सोडतात. या ठोश्यासाठी हातमोजा हे साधन खुर्चीइतकेच महत्त्वाचे ठरले. पूर्वी चामड्याचे मोजे पट्ट्या गुंडाळून, चिकटपट्टीचे थर चढवून प्रत्येक जण घरी आपल्या हाताच्या बेताने तयार करी. पुढे उष्णतेने मऊ होणाऱ्या प्लॅस्टिकचे, हाताच्या ठशावर घडवलेले कठीण मोजे आले, आणि इलिनॉय विद्यापीठात शिकत असलेल्या एरियल रॉसिन या खेळाडूने त्यांना त्रिमिती-मुद्रणाची जोड देऊन एकदा घेतलेले माप हवे तितक्या वेळा काढता येईल अशी तजवीज केली. मऊ मोजा आघात शोषून घेतो तेव्हा हातास सुख होते खरे, पण शोषलेला आघात चाकापर्यंत पोचलेला नसतो. कठीण मोज्याची लोकप्रियता या साध्या कारणामुळे आहे.

शरीराची बैठकही याच विचारातून घडली. आरंभीच्या शर्यतीच्या खुर्च्या चार चाकांच्या होत्या, आणि त्यांतील लहान पुढची चाके रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला थरथरत. एकच मोठेसे पुढचे चाक लांब दांड्यावर पुढे नेऊन बसवण्याची रीत १९८०-९० च्या दशकाच्या अखेरीस रूढ झाली आणि तिने खुर्चीला आजचे बाणासारखे रूप दिले. ज्यांना धडाचे स्नायू वापरता येतात ते गुडघ्यांवर बसून छाती मांड्यांवर टेकवतात. ज्यांना येत नाहीत त्यांना पिंजऱ्यासारख्या आसनात घट्ट बसवावे लागते, आणि शर्यतीत टी-५३ व टी-५४ हे खेळाडूंचे वर्ग निराळे ठेवण्याचे कारणही हाच धडाचा फरक. धड पुढेमागे हलवणाऱ्या खेळाडूच्या खुर्चीचा वेग सूक्ष्मपणे मोजला असता एक चमत्कारिक गोष्ट आढळते : खुर्ची सर्वांत वेगाने धावते ती ढकलणीच्या क्षणी नव्हे, तर हात सुटल्यावर धड मागे येत असताना, कारण शरीराचे वजन मागे सरकले की हलकी खुर्ची पुढे झेपावते. बेल्जियममधील ल्यूव्हेन येथील ईव्ह फानलांडेवाइक यांनी २००१ साली या साऱ्या शास्त्राचा जो विस्तृत आढावा घेतला त्यातही ढकलणी व परती यांचा विचार एकत्र करण्यावर भर आहे. नुसत्या ढकलणीचे चित्रण पाहून खेळाडूची तपासणी करणारे अर्धेच पाहतात.

आता वाऱ्याविषयी. सपाट रस्त्यावर स्थिर वेगाने जाणाऱ्या खुर्चीला दोनच मुख्य विरोध असतात : चाक जमिनीवरून घरंगळताना होणारा, जो वजनाच्या प्रमाणात असतो व वेगाने फारसा वाढत नाही, आणि हवेचा, जो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो व ज्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. ओइता येथेच १९९९ साली हाइन्झ फ्राय या दुसऱ्या स्विस खेळाडूने १ तास २० मिनिटे १४ सेकंदांचा विक्रम केला होता, आणि तो मोडण्यास बावीस वर्षे लागली. दोघांच्या सरासरी वेगातील फरक ताशी अवघा एक किलोमीटर, म्हणजे सुमारे तीन टक्के. पण हवेचा हिशेब केल्यास त्या तीन टक्क्यांसाठी जवळजवळ दहा टक्के अधिक शक्ती हवी, किंवा हवेचा अडथळा तेवढा कमी व्हावयास हवा. वाऱ्यास फसवण्यासाठी मुद्दाम लावलेली आवरणे नियमांनी निषिद्ध असल्यामुळे उरते ती बैठक, सांगाड्याच्या नळ्यांचा आकार, कार्बनची भरीव तबकडीसारखी चाके आणि दुसऱ्याच्या मागे लपून धावण्याची कला. हुगने २०२१ मध्ये टोकियो येथील पॅरालिंपिकमध्ये ८००, १५०० व ५००० मीटर आणि मॅरेथॉन अशी चार सुवर्णपदके मिळवली ती ज्या खुर्चीवर, ती नॉटविल येथील ऑर्थोटेक संस्थेने मोटार-शर्यतीतील झाउबर या कंपनीच्या साह्याने, तिच्या वायुबोगद्यात परीक्षा घेऊन बनवली होती. जपानमध्ये होंडाने, अमेरिकेत २०१६ च्या रिओ स्पर्धेपूर्वी बीएमडब्ल्यूच्या रचनाकारांनी, असेच प्रयत्न केले. वर्तमानपत्रांतून या खुर्च्यांच्या हलकेपणाचे फार कौतुक होते. माझ्या मते ते अस्थानी आहे; साठ किलोचा खेळाडू व नऊ किलोची खुर्ची यांत एक किलो वाचवला तर एकूण वजनात दीड टक्क्याचाच फरक पडतो, आणि त्याचा उपयोग सुरुवातीला व चढावर तेवढा जाणवतो. कार्बनचा खरा गुण त्याच्या ताठपणात आहे, कारण ठोसा बसल्यावर सांगाडा लवला नाही तर तो सगळा चाकाच्या वाट्याला येतो.

अर्थात वाऱ्यासाठी घडवलेले यंत्र वळणाला नाखूश असते. धावपट्टीवरच्या वळणासाठी पुढच्या चाकाला एक ठराविक कोन आधीच बांधून ठेवलेला असतो आणि वळण आले की खेळाडू एका दांड्यावर हाताने टोला देऊन तो लागू करतो. रस्त्यावर ही सोय अपुरी पडते. २०२४ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये हुग भर वेगात एका वळणावर कठड्याला धडकून उलटला, उठला, आणि तरीही १ तास १५ मिनिटे ३३ सेकंदांत त्या मार्गावरचा विक्रम करून गेला. बोस्टनचा मार्ग उताराचा व एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणारा असल्याने ती वेळ जागतिक विक्रमाच्या दप्तरी लागत नाही, ही गोष्ट निराळी.

मैदानी खेळांत वळणे हेच मुख्य काम आहे, आणि म्हणून बास्केटबॉल, रग्बी व टेनिस यांच्या खुर्च्यांची प्रकृती शर्यतीच्या खुर्चीच्या अगदी उलट असते. येथे मोठी चाके खाली फाकलेली व वर आत झुकलेली असतात. या तिरपेपणाला खेळाडू कँबर म्हणतात. त्यामुळे खुर्चीचा पाया रुंद होऊन ती वळताना कलंडत नाही, कडे दंडाच्या नैसर्गिक मार्गात येते, आणि दोन खुर्च्या एकमेकींवर आदळल्या तर धक्का खालच्या कडांना बसून बोटे वाचतात. इंग्लंडातील लफबरो विद्यापीठात व्हिकी टॉलफ्री व बॅरी मेसन यांनी पंधरा अंशांपासून चोवीस अंशांपर्यंतचे कँबर लावून खेळाडूंची परीक्षा घेतली, तेव्हा कँबर फार वाढवल्यास प्राणवायूचा खर्च वाढत असल्याचे दिसले; खेळाच्या दृष्टीने पल्ला साधारण अठरा अंशांच्या आसपासच बरा पडतो. त्यांच्याच दुसऱ्या पाहणीत असे आढळले की चोवीस इंचांऐवजी सव्वीस इंचांचे चाक लावल्याने घरंगळण्यातील विरोध कमी होऊन वेग वाढतो, आणि मोठ्या चाकामुळे सुरुवात मंदावते अशी जी खेळाडूंची समजूत होती तिला आधार मिळाला नाही. कँबरपेक्षाही अधिक घातक दोष म्हणजे दोन चाकांची समांतरता बिघडणे. चाके पुढच्या बाजूने एक-दोन अंश आत किंवा बाहेर वळलेली असली तरी टायर रस्त्यावर घासत जातो व विरोध भलताच वाढतो; आणि हा दोष डोळ्यांना दिसत नाही, खांद्यांना मात्र खेळ संपेपर्यंत जाणवत राहतो.

पुढची लहान कॅस्टर चाके मोठ्या चाकांपेक्षा पुष्कळ अधिक विरोध करतात, तेव्हा वजन होईल तितके मोठ्या चाकांवर टाकण्यासाठी आस पुढे सरकवावा लागतो. आस पुढे घेतला की खुर्ची मागे उलटण्याची भीती. म्हणून मागे एक छोटे आधाराचे चाक बसवण्याची युक्ती निघाली, आणि तिच्यामुळे बास्केटबॉलची खुर्ची जागच्या जागी भिंगरीसारखी फिरू लागली. आसनाच्या उंचीत मात्र न्यायाचा प्रश्न येतो. उंच बसणाऱ्याचा हात बास्केटच्या जवळ पोचतो, परंतु त्याचा तोल ढळतो व कडे हातापासून दूर जाते. नियमावलीने खेळाडूंच्या शारीरिक क्षमतेनुसार एक ते साडेचार असे गुण ठरवले आहेत आणि मैदानावरील पाच जणांच्या गुणांची बेरीज चौदाच्या वर जाऊ दिली जात नाही. त्याबरोबरच तीनपर्यंत गुण असलेल्यास ६३ सेंटिमीटर व त्याहून अधिक गुण असलेल्यास ५८ सेंटिमीटर उंचीची मुभा आहे. म्हणजे धडाचा ताबा ज्याला कमी त्याला आसन उंच करण्याचा हक्क अधिक, पण तो हक्क बजावण्याइतका तोल त्याच्याकडे सहसा नसतो! मला ही तरतूद सद्हेतूची पण कागदी वाटते.

रग्बीच्या खुर्च्यांविषयी थोडक्यात सांगायचे तर त्या धडकण्यासाठीच असतात. हा खेळ १९७० नंतर कॅनडातील विनिपेग येथे हाताची बोटेही अधू असलेल्या खेळाडूंनी काढला. आक्रमकाच्या खुर्चीला गोलसर पंख व बचाव करणाऱ्याच्या खुर्चीला समोरच्याला अडकवून धरणारा आकडा असतो, चाकांच्या आऱ्यांवर संरक्षक तबकड्या असतात, आणि पकड नसलेल्या तळहातांना चिकट द्रव्य लावलेल्या हातमोज्यांनी टायरवरच दाब देऊन खुर्ची चालवली जाते. टेनिसमध्ये अडचण निराळी आहे : एका हातात रॅकेट असते आणि तोच हात कड्यावरही हवा. रॅकेट धरून ढकलताना पहिल्या काही ढकलणींतच वेग कमी पडतो हे मोजून सिद्ध झाले आहे. परंतु चेंडूच्या दोन टप्प्यांची सवलत असल्याने खेळाडू थांबण्याऐवजी सतत वळत राहून ती तूट भरून काढतात.

हातसायकल या क्रीडाप्रकाराचा येथे उल्लेख करतो तो विरोधाभासासाठी. तिच्यात दंतचक्रे चालतात, मुठी हाताला सतत चिकटून असतात, दोन्ही हात एकाच वेळी फिरतात, आणि ढकलण्याबरोबर ओढण्याचेही काम होते. परिणामी तिची कार्यक्षमता कड्याच्या खुर्चीहून निश्चितपणे अधिक भरते आणि खांद्यावरचा ताणही कमी असतो. मग शर्यतीच्या खुर्चीला कड्याचा हट्ट कशासाठी, असे कोणी विचारल्यास त्याचे उत्तर शरीरशास्त्रात सापडणार नाही. आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समितीच्या साधनविषयक धोरणात सुरक्षितता, न्याय्यता, सर्वांना उपलब्धता आणि शारीरिक पराक्रमाचे प्राधान्य ही चार तत्त्वे आहेत. खेळ म्हणजे कोणता पराक्रम मोजायचा याचा आधीच केलेला करार असतो, आणि या खेळाने कड्यावरच्या ठोश्याचा पराक्रम मोजण्याचे ठरवले आहे. यात मला काही गैर दिसत नाही. चारांपैकी तिसऱ्या तत्त्वाची मात्र व्यवहारात आबाळ होते, कारण वायुबोगद्यात घडलेली खुर्ची नावापुरती कोणासही विकत मिळण्यासारखी असली तरी तिची किंमत बहुतेक देशांतील खेळाडूंच्या ऐपतीपलीकडची असते.

हिंदुस्थानापुरते बोलायचे तर आपल्याकडे या क्रीडेची परंपरा समजतो त्याहून जुनी आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जायबंदी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे पोहण्यात सुवर्णपदक मिळवून आले, हे आता सर्वश्रुत आहे. त्याच स्पर्धेत ते भाला आणि स्लालम, म्हणजे अडथळ्यांतून खुर्ची वळवत नेण्याची शर्यत, यांतही उतरले होते, हे सहसा कोणी सांगत नाही. पुण्याजवळ खडकी येथे १९७४ पासून चालत आलेल्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रातील जवानांनी व्हीलचेअर बास्केटबॉल जोपासला, आणि २०१४ मध्ये चेन्नईच्या माधवी लता यांच्या पुढाकाराने या खेळाचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. ब्रिटनमधील ‘मोटिव्हेशन’ या धर्मादाय संस्थेने कमी खर्चाची बास्केटबॉल व टेनिसची खुर्ची काढून अनेक देशांतील नवख्यांची सोय केली आहे. आयआयटी मद्रासमधून निघालेली निओमोशन ही कंपनी वापरणाऱ्याच्या मापाची खुर्ची बनवते, जी खेळाची नसली तरी माप घेण्याची सवय लावते, आणि आपल्याकडे उणीव आहे ती मुख्यतः या सवयीचीच. शासकीय योजनांतून वाटली जाणारी खुर्ची बहुधा एका ठराविक मापाची असते, आणि खेळाची आवड असलेला मुलगा वा मुलगी पहिली एक-दोन वर्षे तिच्यावरच काढते. पुढे कोणी दात्याने आयात केलेली चांगली खुर्ची दिली तरी ती देखील दुसऱ्याच कोणाच्या मापाची असते.

कार्बन व वायुबोगदा यांच्यावाचून करता येण्यासारखे पुष्कळ आहे. टायरमधील हवा खेळापूर्वी दर वेळी तपासणे, दोन्ही चाकांमधले अंतर पुढून व मागून आसाच्या उंचीवर मोजून ते सारखे आहे ना हे पाहणे, घडीच्या खुर्चीचे सैल सांधे गावातल्या वेल्डरकडून पक्के करून घेणे, आस पुढेमागे व वरखाली करता यावा म्हणून सांगाड्यावर अनेक छिद्रांची पट्टी बसवणे, आणि कोपराचा कोन शंभर ते एकशेवीस अंशांत येईपर्यंत गादीची जाडी बदलत राहणे, एवढ्याने नवशिक्याच्या खुर्चीत जो फरक पडतो तो नव्या सांगाड्याने पडणाऱ्या फरकापेक्षा पुष्कळदा मोठा असतो. ही मापे घेताना खेळाडू त्याच्या नेहमीच्या गादीवर, कमरेचे व पायांचे पट्टे आवळून आणि हातमोजे चढवून बसलेला असावा. पट्टे सैल असताना घेतलेले माप दोन-तीन बोटांनी चुकते, आणि मग आसाची सारी छिद्रे पुन्हा पाडावी लागतात.